लिटर मोजून पेटी घेतली की फसायला होतं

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गाडी घेऊन कॅम्पिंगला, कच्च्या रस्त्यांवर जाणाऱ्यांसाठी सामानाच्या पेट्या कशा घ्याव्यात यावर लेख आला होता. विषय छापलात याबद्दल आधी आभार, कारण टायर आणि लाइटवर सगळेच लिहितात, सामान कशात भरायचं यावर कुणी बोलत नाही. पण लेखातला तो तक्ता बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. पेट्यांची तुलना लिटरवर केलीय, ८० पेक्षा १२० चांगली आणि १२० पेक्षा १५० चांगली, आणि वर सल्ला काय, तर "एकदाच मोठी घ्या". अहो, मी एकदाच मोठीच घेतली होती.

१२० लिटरची, चाकंबिकं लावलेली, तंबू, स्लीपिंग बॅग, फावडं, पाने, टोइंगचा म्हणजे अडकलेली गाडी ओढायचा पट्टा, तो अडकवायची लोखंडी कडी म्हणजे शॅकल, सगळं एकात. घरी फरशीवर काय दिमाखात फिरायची ती. मग एका संध्याकाळी पावसात गाडी चिखलात बसली, पुढचं चाक अर्धं आत, आणि लागणार होता फक्त पट्टा. पट्टा होता सगळ्यात तळाशी, कारण जड वस्तू खाली ठेवायच्या हे मला माहीत होतं. पेटी उचलून बाहेर काढावी म्हटलं तर दोघांना हलेना, झाकण पूर्ण उघडावं तर वर डिकीचं छत आडवं येतंय, शेवटी अर्ध्या उघड्या झाकणातून हात घालून एकेक वस्तू बाहेर, तंबू चिखलात, स्लीपिंग बॅग चिखलात, आणि पट्टा हातात आला तेव्हा टॉर्चची बॅटरी संपत आलेली. त्या रात्री ओल्या बॅगेत झोपताना मी मनात पेटीचे लिटर मोजत होतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की पेटीत किती मावतं यावर नाही, भरलेली पेटी एका माणसाला अंधारात, वाकून, गाडीबाहेर काढता येते का यावर घ्यावी. माझ्या हातांचा हिशोब भरून १५ ते २० किलो. पाने, साखळ्या, शॅकल असलं लोखंड भरायचं तर डबा छोटाच हवा, तो बघता बघता जड होतो. मोठी पेटी चालेल ती गाद्या-पांघरुणांना. आणि यात माझी अक्कल काही नाही. पेट्रोलचा तो लोखंडी जेरीकॅन बघा, जर्मन सैन्यासाठी १९३७ च्या सुमारास बनवलेला, २० लिटरचा. सैन्याला ४० लिटरचा काय बनवता आला नसता? पण भरलेला कॅन जेमतेम १९-२० किलोचा होतो, एक माणूस उचलतो. वर हँडल एक नाही तर तीन, म्हणजे दोघांनी मिळूनही धरता येतो आणि रिकामे असतील तर एका हातात दोन. हाताचा विचार आधी, लिटरचा नंतर.

आता मापाचं. लेखात "गाडीची डिकी मोजून घ्या" एवढं एक वाक्य आहे. काय मोजायचं हो? डिकीच्या आतली रुंदी सगळे मोजतात, पण पेटी आत जाते दरवाजातून आणि दरवाजा आतल्यापेक्षा अरुंद असतो. खाली चाकांचे उंचवटे आत आलेले, मागची सीट तिरकी टेकलेली, आणि झाकण उघडायला वर जागा लागते ती वेगळीच. सोपा उपाय सांगतो, पुठ्ठ्याचा खोका घ्या, कापून चिकटवून पेटीच्या बाहेरच्या मापाचा करा, झाकणाला जिथे कड बाहेर आलीय ती धरून, आणि तो खोका डिकीत ठेवून दरवाजा लावून बघा. फुकटात होतं. मी हे तिसऱ्या पेटीला केलं, पहिल्या दोन आता माळ्यावर आहेत.

शिवाय घरात वापरायचे जे प्लास्टिकचे बॉक्स मिळतात त्यांच्या भिंती खाली निमुळत्या होत जातात, रिकामे एकात एक बसावेत म्हणून. दुकानाला, ट्रकला ते सोयीचं, आपल्याला नाही. दोन शेजारी ठेवले की मध्ये फट, फटीत सामान घसरतं, आणि खडबडीत रस्त्यावर रात्रभर टकटक टकटक. कारखान्यांत माल ठेवायला सरळ भिंतींचे क्रेट असतात, ६० बाय ४० सेंटिमीटरचे आणि त्याच्या बरोबर निम्मे ४० बाय ३० चे, म्हणजे दोन छोटे एका मोठ्यावर नीट बसतात. दिसायला काहीच नाहीत, पुरवणीतल्या फोटोत शोभणार नाहीत, पण माझ्या गाडीत आज तेच आहेत. वरून धूळ जाते हे खरं, बऱ्याच क्रेटचं झाकण नुसतं टेकलेलं असतं. मग धूळ ज्याला चालत नाही तेवढंच सीलवाल्या डब्यात ठेवायचं, सगळंच कशाला?

कारण लेखात "एअरटाइट असेल तर उत्तमच" असंही लिहिलंय, आणि इथे जरा भांडायचंय. पेटीवर आयपी ६७ हा दर्जा असला म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालतं. कॅमेरा, कागदपत्रं, फर्स्ट एड यांना बरोबर आहे. पण त्याच पेटीत सकाळचा दवाने भिजलेला तंबू कोंबला तर आतलं पाणी बाहेर जाणार कुठे, दोन दिवसांनी उघडाल तर बुरशीचा वास. आणि स्वयंपाकाच्या गॅसची टाकी तर सीलबंद पेटीत अजिबात नको. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो, आणि बंद पेटीत साठला की कळणारही नाही. टाकीला तळाला भोकं असलेला क्रेट, टाकी त्यात उभी बांधून, आणि शक्यतो बसायच्या जागेत नाहीच.

आणखी एक गंमत. डोंगरावर दोन हजार मीटरवर मुक्काम होता, सकाळी स्टोव्ह गार झाल्यावर ४० बाय ३० च्या सीलवाल्या पेटीत ठेवला, बक्कलं लावली, आणि संध्याकाळपर्यंत उतरून थेट समुद्रकिनारी. बक्कलं उघडली पण झाकण निघेना. ओढलं, शिव्या दिल्या, शेवटी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर रबराची पट्टीच फाटली. नंतर डोक्यात प्रकाश पडला, वरची विरळ हवा आत कोंडलेली आणि बाहेर खालची दाट हवा. तेवढ्या उतारात दर चौरस सेंटिमीटरला साधारण २०० ग्रॅमचा फरक पडतो, आणि १२०० चौरस सेंटिमीटरच्या झाकणावर तो कागदावर जवळजवळ अडीचशे किलो होतो! प्रत्यक्षात थोडी हवा गळते, पेटी जरा आत दबते, तरी हाताला ऐकत नाही. पुढच्या बाजूला एक बारीकसं बटण होतं, हवा सोडायचं. ते मी इतके दिवस शोभेचं समजत होतो.

प्लास्टिक कुठलं हेही लेखात नाही. तळाला त्रिकोणात आकडा असतो, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे एचडीपीई, दाट जातीचं पॉलिथिन. साधं पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं, थंडीच्या पहाटे क्लिप लावताना कट्‌कन तुटते ती यामुळे, एचडीपीई त्याहून कितीतरी जास्त थंडी सोसतं. उन्हाचं म्हणाल तर टपावर ठेवायची पेटी पारदर्शक नको. ॲल्युमिनियमची पेटी छान, पण दोन पेट्या एकमेकींवर घासल्या की काळी भुकटी पडते आणि ती कपड्यांना लागली की निघत नाही. मध्ये रबराची चटई टाका.

टपावरून आठवलं. टपाला किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, आणि त्यात कॅरिअरचं आणि रिकाम्या पेटीचंही वजन धरायचं असतं. लोक फक्त आतलं सामान धरतात.

बांधायबद्दल लेखात अक्षरही नाही याचं मात्र खरंच वाईट वाटलं. ताशी ५० च्या वेगात गाडी कशावर आदळून साठ-एक सेंटिमीटरमध्ये थांबली, तर मागची २० किलोची पेटी पुढे येताना तीनशे किलोच्या वर जोर लावते, आणि तिच्यापुढे असतं ते आपलं डोकं. झाकणाच्या क्लिपांचा आणि प्लास्टिकच्या हँडलचा इथे काही उपयोग नाही. गाडीच्या फ्लोअरला कड्या असतात, पट्टा पेटीवरून घेऊन त्या कड्यांना बांधायचा. पट्टा पॉलिएस्टरचा घ्या, नायलॉनचा भिजला की ताणतो आणि सैल पडतो. प्लास्टिकच्या पेटीवर रॅचेट, म्हणजे दांडा मागेपुढे करून पट्टा आवळायचं बक्कल, जपून वापरा, झाकण वाकेपर्यंत आवळलं जातं आणि कळत नाही, त्यापेक्षा नुसत्या हाताने ओढायचं कॅम बक्कल बरं. म्हणजे पेटी घेतानाच बघा, वरून पट्टा जायला खाच आहे का. नसेल तर कितीही लिटरची असू दे.

लेखकावर राग नाही, त्यांनी कष्ट घेतलेत हे दिसतं. फक्त पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा लिटरच्या शेजारी आतलं माप, बाहेरचं माप आणि रिकामं वजन असे तीन रकाने घाला. आणि फोटोत तो मुलगा १५० लिटरची पेटी एका हाताने उचलून हसतोय ना, ती रिकामी आहे असं खाली बारीक अक्षरात तरी लिहा.

तसा उशीर झालाच आहे. लेख वाचून माझ्या एका मित्राने १५० वाली मागवलीसुद्धा, आणि काल पेटी घरी आल्यावर डिकी मोजायला माझ्याकडे टेप मागायला आला होता.

आपला,
एक नियमित वाचक