ऑपरेशननंतरच्या बायकांसाठी बेळगावात एक जागा हवी

मा. संपादक,

शहापुरात माझं ब्लाऊज शिवण्याचं लहानसं दुकान आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायका माझ्याकडे येतात, बहुधा भरदुपारी, गिऱ्हाईक नसताना. आधी काही सांगत नाहीत. टेप लावली की कळतं. एका बाजूला रुमालाची घडी किंवा कापसाचा बोळा असतो. कापसाला वजन नाही, हात वर केला की तो गळ्याकडे सरकतो. एवढ्या एका धास्तीपायी हळदीकुंकवाला जायचं सोडलेल्या बायका मला माहीत आहेत.

उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. बेळगावात मोठी इस्पितळं आहेत, हुबळी-मिरज जवळ आहे, टाटाला जाणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही ठाऊक असते. अडतं ते टाके काढून घरी आल्यावर. खानापूर किंवा निपाणीकडच्या खेड्यातल्या बाईला पुढच्या केमोची तारीख मिळते. पण हात कधीपासून वर न्यायचा, आत काय घालायचं, नवऱ्याशी कसं बोलायचं, हे डॉक्टरांना विचारायला तिची जीभ रेटत नाही. ओपीडीच्या गर्दीत त्यांना तरी सवड कुठली?

काही जणींची एक बाही मला दुसरीपेक्षा सैल कापावी लागते. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते. व्यायाम, मसाज आणि घट्ट दाबाची खास बाही यांनी ती आटोक्यात ठेवता येते, लवकर सुरुवात केली तर जास्तच. "आता हे असंच राहणार" म्हणून हात लुळा धरून बसलेल्या बाईला हे शिंपिणीकडून कळावं, याचं मला नवल वाटतं आणि रागही येतो.

हे सांगायचं काम खरं तर त्यातून गेलेल्या बाईचं. १९५२ साली न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांचा स्तन काढला, तेव्हा त्यांच्या साध्या प्रश्नांना कोणी धड उत्तर देईना. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच इस्पितळांत जाऊन अशा बायकांना भेटू लागल्या, सोबत तात्पुरता पॅड आणि व्यायामासाठी चेंडू न् दोरी. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे काम आपल्याकडे घेतलं. मुंबईत वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये व्ही केअर फाउंडेशन काढलं. तिथेही कॅन्सरमधून उठलेली माणसं रुग्णांना भेटतात. साईशा इंडिया फाउंडेशन सुती धाग्याने विणलेले, धुता येणारे कृत्रिम स्तन मोफत देतं. सिलिकॉनच्या स्तनाला हजारो रुपये पडतात, ते कुणाला परवडणार? पण मुंबईची ही सोय आमच्या जांबोटीच्या बाईपर्यंत पोचायची कशी?

सीमाभागावर बोलणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये इथल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, कर्नाटकाने हरकत घेतली, बातम्या झाल्या. त्या वादात मला पडायचं नाही. मी म्हणते त्याला सरकारी आदेश लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही.

महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, म्हणजे खेड्यातल्या बायकांना एका खेपेत दोन्ही कामं उरकतील, ऑपरेशन झालेल्या बायकांना एकमेकींना भेटायला एखाद्या वाचनालयाची किंवा महिला मंडळाची खोली मिळाली तरी पुरे. मराठी-कन्नड दोन्ही चालेल, माझ्या दुकानात आम्ही तसंच बोलतो. इस्पितळांनी डिस्चार्जच्या वेळी त्या जागेचा पत्ता लिहून द्यावा आणि सूज, व्यायाम सांगायला अधूनमधून फिजिओथेरपिस्ट पाठवावी. जडीबुटीवाल्यांना मात्र दाराबाहेरच ठेवा, ते अशा ठिकाणी बरोबर वास काढत येतात. आणि फोटो नकोत. ऑक्टोबरात गुलाबी फिती लावून फेऱ्या निघतात, तुमच्या अंकात छापूनही येतात, येऊ देत. पण ज्या बाईने सासरी आजाराचं नावही सांगितलेलं नाही, ती कॅमेरा दिसला की पुन्हा येणार नाही.

शहरातल्या एखाद्या मंडळाने किंवा बचत गटाने हे मनावर घेतलं तर ब्लाऊजचं काम माझ्याकडे लागलं. पुढून हुक, मुंढा सैल, अस्तराला आतून खिसा, म्हणजे पॅड जागचा हलत नाही. कापड त्यांनी द्यावं, शिलाई मी घेणार नाही. इतर शिंपिणींना शिकायचं असेल तर त्यांनीही यावं.

— ब्लाऊज शिवणारी एक वाचक, शहापूर, बेळगाव