ध्वनियोजक दादांना एक जाहीर पत्र

सप्रेम जय भीम.

आपले नाव मला कार्यक्रमानंतर आयोजकांकडून कळले, परंतु आपल्याला न विचारता ते जाहीर पत्रात लिहिणे मला योग्य वाटले नाही, म्हणून या पत्रात आपल्याला नुसते दादा म्हणते. गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी नाशिकच्या एका छोट्या सभागृहात तीन तरुण मुलांनी स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी सादर केली. सभागृहात जेमतेम शंभर खुर्च्या होत्या आणि आपण शेवटच्या रांगेमागे टेबल मांडून मिक्सरवर, म्हणजे माइक-वाद्यांचे आवाज कमीजास्त करायच्या यंत्रावर, बसला होता. डावीकडे भिंतीलगतच्या खुर्चीत पांढरा सदरा घातलेले माझे वडील होते. त्यांच्यासाठी आपण जे केले, त्याचे आभार मानण्यासाठी हे पत्र आहे.

बाबा ७६ वर्षांचे आहेत. छापखान्यात त्यांनी ३४ वर्षे यंत्रावर काम केले, आणि त्या यंत्रांचा गोंगाट व उतारवय या दोहोंनी मिळून त्यांच्या कानांचे नुकसान केले. लोकांना वाटते की ज्याला कमी ऐकू येते त्याच्याशी मोठ्याने बोलले की झाले. बाबांची अडचण वेगळी आहे, कारण त्यांना आवाज येतो पण शब्द येत नाहीत. कान तपासणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले होते की अशा बहिरेपणात आधी उंच कंप्रतेचे, म्हणजे बारीक, वरच्या पट्टीतले ध्वनी जातात. आपल्या बोलण्यातले आ, ई, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असल्यामुळे ते टिकून राहतात, मात्र स, श, फ, थ यांसारखी व्यंजने उंच आणि क्षीण असल्यामुळे ती आधी विरतात. त्यामुळे काठ, पाठ आणि ताठ हे तिन्ही शब्द बाबांच्या कानाशी येईपर्यंत जवळजवळ एकसारखे झालेले असतात. कानातले यंत्र घरात दोघे-तिघे बोलत असताना उपयोगी पडते, परंतु सभागृहात ते गाण्याबरोबर टाळ्या, खोकला आणि खुर्च्यांची करकरही तितक्याच इमानाने मोठी करून देते.

शब्द न कळणे बाबांना इतके का लागते, हे सांगितल्याशिवाय आपण काय केलेत ते वाचणाऱ्यांना समजणार नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेले आणि २००४ साली आपल्यातून गेलेले लोककवी वामनदादा कर्डक यांना बाबांनी तरुणपणी अनेकदा ऐकले. स्वतः लिहायचे, स्वतः गायचे आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्याच वस्तीत जाऊन गायचे, अशी वामनदादांची रीत होती. ऐकणारा आणि गाणारा यांच्यात दहा-बारा हातांचे अंतर असायचे. रेकॉर्ड विकत घ्यायची ऐपत कोणाचीच नव्हती, त्यामुळे बाबा आणि त्यांचे दोन मित्र घरी परतताना वाटेतच गाणे जुळवीत. एकाला ध्रुवपद आठवे, दुसऱ्याला पहिले कडवे, तिसऱ्याला शेवटचे, आणि वस्तीच्या तोंडाशी येईपर्यंत गाणे पुरे होई. आज गिटार घेऊन आपलीच गाणी गाणाऱ्या मुलांना सिंगर-साँगरायटर म्हणतात असे मी बाबांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की हे तर आपल्या शाहिरांचेच काम आहे, फक्त वाद्य बदलले.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना एका मोठ्या नाट्यगृहात अशाच कार्यक्रमाला नेले होते. जागा बाविसाव्या रांगेत होती. ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, आणि भिंती-छतावरून परतणारा आवाज मात्र त्या मानाने फारसा उतरत नाही, त्यामुळे मागच्या रांगेत गाणे आणि त्याचे पडसाद एकमेकांत मिसळून जातात. ज्यांचे कान धड आहेत त्यांना त्यातून शब्द वेचता येतात, बाबांना येत नाहीत. ते अडीच तास मांडीवर हात ठेवून बसले, बाहेर आल्यावर “छान झालं” एवढेच म्हणाले, आणि त्यानंतर कुठल्याच कार्यक्रमाला यायला तयार होईनात. या वेळी सभागृह लहान आहे, आपण जवळ बसू, असे सांगून मी त्यांना कसेबसे आणले होते.

पहिली दोन गाणी झाली तेव्हा बाबा गाणाऱ्याकडे पाहत नव्हते. ते शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते, म्हणजे हसायचे कधी आणि टाळ्या कधी वाजवायच्या हे त्यांना कळावे. मी हे पाहिले आणि मान खाली घातली. दादा, आपणही ते पाहिले, हे मला दोन मिनिटांनी कळले. पुढचा मुलगा गिटारच्या तारा लावत असताना आपण टेबलावरून उठून आलात, बाबांच्या खुर्चीशी उकिडवे बसलात आणि विचारलेत, “काका, शब्द लागतायत का?” बाबांना तेही ऐकू आले नाही, म्हणून उत्तर मी दिले.

त्यानंतर आपण जे केलेत ते मी डोळ्यांनी पाहिले म्हणून लिहिते. आपण पेटीतून मोठा, पूर्ण कान झाकणारा हेडफोन काढलात. भिंतीच्या कडेने एक लांब केबल सोडलीत, आणि कोणाचा पाय अडकू नये म्हणून तिच्यावर दर दोन हातांवर काळी चिकटपट्टी मारलीत. यंत्र कानात असताना वर हेडफोन लावला तर शिट्टी वाजते, म्हणून ते आधी काढून ठेवायला सांगितलेत. मिक्सरवरून त्या केबलमध्ये आपण फक्त गाणाऱ्याच्या माइकचा आवाज सोडलात आणि गिटार अगदी नावापुरती ठेवलीत. बेस, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, उतरवलात, ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला, थोडा थोडा चढवत नेलात, आणि प्रत्येक वेळी मागून हात वर करून मला खुणेने विचारलेत की काकांच्या कानाला टोचत तर नाही ना. हे सारे एका मुलाच्या तारा जुळेपर्यंतच्या वेळात झाले. सभागृहात बाकीच्यांना ऐकू येणाऱ्या आवाजात तसूभरही फरक पडला नाही.

त्या मुलाच्या गाण्यानंतरचे गाणे एका मुलीचे होते. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये हंगामात रात्रभर उभे राहून मण्यांचे घड कातरणाऱ्या आपल्या आईविषयी तिने ते लिहिले होते, आणि पेटीच्या दोन-तीन सुरांपलीकडे त्याला साथ नव्हती. दुसऱ्या कडव्याला बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हेडफोनमुळे आपण किती मोठ्याने बोलतो आहोत याचे त्यांना भान नव्हते, त्यामुळे साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात ते मला म्हणाले, “रात्रपाळी नाही म्हणाली ती. रातपाळी म्हणाली. आम्ही असंच म्हणायचो.” ती मुलगी गाता गाता हसली आणि तिने ती ओळ बाबांकडे पाहून पुन्हा गायली. त्या दोन शब्दांत एका त्र चाच काय तो फरक आहे. तो त्र नाही हे बाबांच्या कानांनी त्या दिवशी ओळखले.

कार्यक्रम संपल्यावर मी आपल्याजवळ आले तेव्हा आपण केबल गुंडाळत होता. मी काही बोलण्याआधीच आपण म्हणालात की एक वायर तर टाकली, त्यात काय. दादा, मला आपल्याशी इथे नम्रपणे असहमत व्हायचे आहे. कानातल्या यंत्रापर्यंत थेट आवाज पोहोचवणारी तारेची वेटोळी सभागृहांत बसवता येतात, आणि परदेशांत अनेक ठिकाणी ती असतात, हे मी नंतर वाचले. आपल्याकडे अजून ते क्वचितच दिसते. पण बाबांना आजवर ज्या ज्या कार्यक्रमांना नेले तिथे तिथे एक वायर आणि एक हेडफोन तर असणारच, आणि तरीही शब्द लागतायत का असे त्यांना कोणीही विचारले नव्हते. ऐकणाऱ्यांतला एक माणूस गाण्याबाहेर राहिला आहे, हे आपण आपल्या कामातले अपुरेपण मानलेत. मी आभार मानते आहे ते त्याचे.

रिक्षाने नाशिक रोडला परतताना बाबांनी गाणे जुळवायला घेतले. ध्रुवपद त्यांना आले, पहिले कडवे मला आले, तिसऱ्यातली एक ओळ मात्र दोघांनाही काही केल्या आठवली नाही, आणि ती मिळवायला पुन्हा जावेच लागेल असे त्यांनी द्वारका सर्कल ओलांडायच्या आत जाहीर केले.

त्याप्रमाणे पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाची दोन तिकिटे मी काढली आहेत, पुन्हा भिंतीलगतचीच. बाबांनी स्वतःचा हेडफोन विकत घेतला आहे. त्याचा जॅक लहान आहे आणि आपल्या मिक्सरला मोठा लागतो हे मी त्या दिवशी पाहिले होते, म्हणून जोडणीही घेऊन ठेवली आहे. आम्ही अर्धा तास आधी येऊ, म्हणजे चिकटपट्टी मारायला मला आपल्याला मदत करता येईल.

आपली कृतज्ञ,
भिंतीलगतच्या खुर्चीतल्या काकांची मुलगी
नाशिक रोड