अहिराणी फक्त हसण्यापुरती नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझे चुलतदीर वारले. त्यांच्या दारावर गेले तेव्हा पुण्याहून सुट्टीला आलेली सात वर्षांची नात सोबत होती. बोरी नदीकाठचं गाव, ओट्यावर बायका बसलेल्या. मला पाहताच जाऊबाईंनी हंबरडा फोडला, "माले एकलीले सोडीसन कथा निंघी गयात वं माय!" (मला एकटीला सोडून कुठे निघून गेलात!) आणि माझ्या मांडीला टेकून बसलेली नात खुदकन हसली.

बायकांनी माना वळवल्या. मी पोरीला पदराआड घेतलं. परतीच्या रिक्षात तिला रागावणार होते, पण तिनेच भाबडेपणाने विचारलं, "आजी, त्या आजी मोबाईलमधल्या बाईसारखं का बोलत होत्या?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. या मुलीने अहिराणी, म्हणजे आमची खान्देशातली बोली, आजवर फक्त रीलमध्ये ऐकली आहे. तिथे सासू लाटणं उगारते, नवरा दारू पिऊन येतो, गावंढळ पाहुणा मॉलमध्ये घसरून पडतो आणि हे सगळे अहिराणीत बोलतात. भाषा सुरू झाली की हसायचं, एवढंच ती शिकली. मग रडणाऱ्या बाईच्या तोंडून तीच भाषा आली तेव्हा तिने दुसरं काय करावं?

हा दोष तिचा नाही. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या मुलाला, मीच बजावून पुण्याला पाठवलं होतं की तिथे 'माले-तुले' करू नको, लोक हसतात. त्याने ऐकलं. घरात सून आली तीही आपल्याकडचीच, नंदुरबारची. पण दोघं एकमेकांशी प्रमाण मराठीत बोलतात आणि मुलीशी अर्धं इंग्रजीत. उलट माझ्या बहिणीची नातवंडं सुरतला लिंबायतमध्ये वाढली. गल्लीत सगळी खान्देशची माणसं, त्यामुळे ती पोरं शाळेत गुजराती आणि ओट्यावर खणखणीत अहिराणी बोलतात. परराज्यात टिकली आणि पुण्यात पुसली गेली, याचं मला अजून नवल वाटतं.

मी अमळनेरात पिठाची गिरणी चालवते. कळण्याचं दळण घेऊन बायका येतात, त्यात उडीद किती, मीठ किती इथपासून मालिकेतल्या सुनेपर्यंत आणि नगरपालिकेच्या उमेदवारापर्यंत सगळं बोलणं गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून होतं. कापसाला भाव नाही म्हणून मुलीचं लग्न पुढे ढकललं, हे एक बाई मला परवा अहिराणीत सांगून गेली. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे भाषा सगळं पेलते. आपण तिच्यावर सगळं सोपवत नाही.

विनोद करणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. लग्नात डीजेवर अहिराणी गाणं लागलं की मीही नाचते. त्या पोरांनी निदान भाषा चालती ठेवली. राग आहे तो प्रचाराला येणाऱ्या मंडळींवर, मग पक्ष कोणताही असो. सभेची सुरुवात ठरलेली, "राम राम मंडळी, कसा शेतस?" टाळ्या पडतात. मग एखादा टोमणा अहिराणीत, विरोधकाची नक्कल अहिराणीत. आणि वर्षानुवर्षं रखडलेल्या पाडळसे धरणाचा विषय निघाला की भाषा लगेच बदलते. 'सुधारित प्रशासकीय मान्यता', 'निधीची तरतूद', 'प्रस्ताव विचाराधीन'. जिथे उत्तर द्यायचं असतं नेमकी तिथेच आमची भाषा सोडतात. पाणी कधी येणार, हे कोणी आम्हाला अहिराणीत सांगून बघावं. अहिराणीत 'विचाराधीन' म्हणायची सोय नाही, मग खरं तेच सांगावं लागेल.

२०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या अमळनेरात झालं. १९५२ नंतर ७२ वर्षांनी ते इथे आलं होतं, म्हणून एक दुपार गिरणी बंद ठेवून मी गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, त्याचाही आनंद झाला. पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदी नको म्हणून महाराष्ट्र पेटून उठला, सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. ते योग्यच झालं. पण तेव्हा गिरणीवर एका तरुण आईने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. "काकू, हिंदी लादू नका म्हणतात, मग माझ्या पोराला शाळेत अहिराणी बोलला म्हणून रागावतात ते काय?" मला उत्तर देता आलं नाही. अहिराणी जिच्यात मोजतात ती खान्देशी भाषा जनगणनेत सांगणारे २००१ साली सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ साली ते १८ लाख ६० हजारांच्या आसपास आले. माणसं तर कमी झाली नाहीत.

बहिणाबाईंचं नाव जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली दिलं. ती माउली शाळेत गेली नव्हती, ऐन तिशीत विधवा झाली, आणि तिने आपलं दुःख इथल्या बोलीतच मांडलं. तिची बोली लेवा, माझी अहिराणी, शेजारच्या तालुक्यात कुठे गुजरी तर सातपुड्याच्या बाजूला पावरी. या सगळ्या बोलींत माणसं रोज रडतात, भांडतात, हिशेब करतात, लेकीची समजूत काढतात.

म्हणून आपणाला विनंती आहे. आपल्या अंकात आठवड्यातून एकदा तरी साधी, गंभीर बातमी अहिराणीत छापा. बाजारभाव, आवर्तनाची तारीख, दवाखान्याची सूचना, एखाद्या गेलेल्या माणसाच्या आठवणी. विनोदाचा कोपरा नको, तो मोबाईलवर भरपूर आहे.

नातीला मी आता रोज रात्री फोनवर अहिराणीतच बोलते. पहिले चार दिवस ती हसली. परवा मला ताप होता, आवाज बसला होता. तिने विचारलं, "आजी, काब्र अशी बोली राहिनी तू?" (का अशी बोलतेयस तू?) उच्चार अजून कच्चा आहे, पण ती हसत नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती येणार आहे. तेव्हा तिला घेऊन पुन्हा जाऊबाईंकडे जाईन, त्यांच्याजवळ बसवीन.

आपली,
एक वाचक, अमळनेर