बाबा, तक्रार क्रमांक जपून ठेवा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर या वीजबिलाच्या फसवणुकीचा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात, म्हणून लिहायला बसले.

आधी पैशांचं. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार गेल्यामुळे 48 हजारांपैकी 25 हजार पुढच्या एका खात्यात अडकवून ठेवलेत. ते लगेच मिळणार नाहीत, पोलिसांमार्फत रीतसर सोडवून घ्यावे लागतील. बाकीचे बहुतेक एटीएममधून निघून गेले. त्यांची आशा मी धरलेली नाही.

पण शेवटचे 6 हजार मी सोडणार नाही. बाबा, तुम्ही सकाळी बँकेला फोन करून तक्रार क्रमांक घेतलात आणि ते पैसे दुपारी गेले. रिझर्व्ह बँकेचा 2017 पासूनचा नियम आहे: चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं. 'ओटीपी तुमच्याच फोनवर आला' हे बँकेतल्या त्या साहेबांचं पालुपद या 6 हजारांना लागू नाही. मी लेखी अर्ज पाठवतेय, त्यावर सही करून शाखेत द्या आणि पोच घ्या. शिक्का मारलेली पोच, तोंडी 'हो हो' नको. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. त्याला पैसे लागत नाहीत.

तुम्ही सारखं विचारता, मी पिन सांगितलाच नाही, मग गेले कसे? 'मागील बिल अपडेट नाही, आज रात्री 9.30 ला वीज तोडली जाईल' या मेसेजखालच्या नंबरावर तुम्ही फोन केलात. त्यानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, पाठवली. ती उघडून दहा रुपये भरायला तुम्ही कार्डाचा नंबर टाकलात, आणि पुढचे ओटीपी ती फाइलच वाचून त्याला पाठवत राहिली. बिल तर भरलेलं होतं, पावती तुमच्या तारेला टोचलेली आहे! पण अंधारात आईला गुडघ्याचं औषध कसं देणार, एवढंच तुमच्या डोक्यात आलं. हे त्या लोकांना बरोबर ठाऊक असतं.

राग एकाच गोष्टीचा आला. रात्री कळूनही तुम्ही सकाळपर्यंत कुणाला बोलला नाहीत. चोरी त्यानं केली आणि तोंड तुम्ही लपवलंत. तेवढ्या वेळात पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरतात. पुन्हा कधी असं झालं तर मला नंतर, आधी 1930.

आई, तू यावरून बाबांना टोमणे मारू नकोस. मागच्या महिन्यात लग्नपत्रिका म्हणून आलेली तसलीच फाइल तूच उघडायला निघाली होतीस.

फोन दुकानात नेऊन फॅक्टरी रीसेट करून, म्हणजे सगळं पुसून, घ्या, पण आधी तो मेसेज आणि कॉलची यादी यांचे स्क्रीनशॉट मला पाठवा. पोलिसांना ते लागतील. पेन्शनचं खाते यूपीआयला जोडूच नका. भाजी-दुधासाठी दुसऱ्या खात्यात चार-पाच हजार ठेवा, तेवढंच जोडा.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतेय. पासबुक भरून ठेवा.

तुमची,
माई