भुसावळचं घड्याळ घ्यावं की नाही: मित्रास पत्र

धुळे

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार. पळण्यासाठी कुठलं घड्याळ घ्यावं म्हणून तू पाठवलेली यादी वाचली. जळगावच्या मोबाइलच्या दुकानातलं चार हजारांचं स्मार्टवॉच, नवं कोरं गार्मिन फोररनर १६५, आणि भुसावळचा तो गृहस्थ विकायला काढतोय ते दोन वर्षं वापरलेलं फोररनर २५५. निकाल आधी सांगतो, म्हणजे तुझी घालमेल थांबेल. दुकानातलं सोडून दे. २५५ ची बॅटरी पुढे लिहिलेल्या तपासणीत टिकली तर तेच घे. नाही टिकली तर घासाघीस न करता उठून ये आणि १६५ घे.

दुकानातल्याच्या खोक्यावर ‘जीपीएस’ लिहिलंय म्हणतोस. बारीक अक्षरांत त्याच्या आधी ‘कनेक्टेड’ हा शब्द आहे का ते बघ. असेल तर घड्याळात जीपीएस नाहीच. ते तुझ्या खिशातल्या फोनचं जीपीएस उसनं घेतं, आणि फोन घरी राहिला की हाताच्या हलण्यावरून अंदाजाने अंतर ठोकून देतं. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, त्यालाही माहीत नसतं. फोन बंद करून टाक, घड्याळ घालून मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं चाल आणि नंतर नकाशावर रेघ उमटते का पाहा. रेघ नाही, तर सौदा नाही.

आता मल्टीबँड. ही सोय २५५ मध्ये आहे, १६५ मध्ये नाही, आणि तुझं घोडं अडलंय ते इथेच. त्यात काय होतं ते समजून घे. साध्या घड्याळाला उपग्रहाचा संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर मिळतो, त्याला एल१ म्हणतात. तोच संदेश उंच इमारतीवर किंवा कड्यावर आपटून जरा उशिरा आला की घड्याळाला वाटतं उपग्रह लांब आहे, आणि तू रस्त्यावर असताना रेघ शेजारच्या घरातून जाते. मल्टीबँड घड्याळ एल५, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झवरचा संदेशही ऐकतं. एल५ चा कोड एल१ च्या दहापट वेगाने बदलतो, त्यामुळे थेट आलेला आणि आपटून आलेला संदेश वेगळा ओळखता येतो. मुंबईत उंच इमारतींच्या गल्लीत किंवा तोरणमाळच्या घाटात याचा खरंच फायदा होतो.

पण तू पळणार कुठे? मेहरूण तलावाभोवती, गिरणेकडच्या रस्त्यांवर, फार तर रविवारी यावल-रावेरच्या बाजूला केळीच्या बागांमधून. आपल्या खान्देशात आभाळ चारही बाजूंनी उघडं. तिथे साधं एल१ घड्याळसुद्धा, जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास किंवा युरोपचं गॅलिलिओ चालू ठेवलं तर, साधारण एक टक्क्याच्या आत अंतर दाखवतं. किलोमीटरला सहा मिनिटांच्या पेसला एक टक्का म्हणजे साडेतीन सेकंद. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे नाहीत, भो. २५५ मध्ये ती सोय आहेच, तर जळगावात बंद ठेव. नुसत्या जीपीएसवर कंपनी ३० तास सांगते, मल्टीबँडवर १६. (आणि घड्याळात आपलं भारताचं उपग्रहांचं ‘नाविक’ आहे का म्हणून अडून बसू नकोस. नाविकच्या उपग्रहांत एल१ वर बोलणारा पहिला एनव्हीएस-०१, तो मे २०२३ मध्ये अवकाशात गेला. तुझ्या पेसला त्याने काही फरक पडत नाही.)

मग २५५ का? स्क्रीनसाठी आणि बॅटरीसाठी. २५५ ची स्क्रीन एमआयपी, म्हणजे ऊन जितकं कडक तितके आकडे ठळक. आणि ती सतत चालू असते, मनगट झटकावं लागत नाही. १६५ ची अॅमोलेड, फोनसारखी झगझगीत. डिसेंबरातल्या लांब पळण्यात नऊ-साडेनऊचं ऊन अंगावर येतं तेव्हा एमआयपीसारखं सुख नाही. पण दुसरी बाजूही ऐक. मे महिन्यात तू पहाटे पाचला निघून सातच्या आत घरात असणार. त्या अंधारात एमआयपीला बॅकलाइट लावावा लागतो आणि अॅमोलेड झकास दिसते. शिवाय तुला चाळिशी लागलीय आणि पळताना तू चष्मा लावत नाहीस. म्हणून घड्याळ कुठलंही घेतलंस तरी एका स्क्रीनवर तीनच आकडे ठेव: लॅप पेस (चालू टप्प्याचा वेग), अंतर, हृदयाचे ठोके. सहा आकड्यांच्या स्क्रीनवर तुला मुंग्या दिसतील.

दोन्ही घड्याळांना पाच बटणं आहेत, हे उत्तम. नुसत्या टचच्या घड्याळाकडे बघूही नकोस. घामाच्या बोटाला टच दाद देत नाही आणि चारशे मीटरच्या इंटरव्हलमध्ये, म्हणजे जोरात पळायच्या तुकड्यात, लॅप हुकतो.

ठोक्यांचं प्रकरण मात्र नीट वाच, कारण लोक जीपीएसवरून भांडतात आणि फसतात इथे. मनगटाखालचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची हालचाल बघतो. पट्टा सैल असला, की तो रक्ताऐवजी हाताचा झोका मोजायला लागतो. पावलं मिनिटाला १७० पडत असतील तर ठोकेही १७० दाखवतो, आणि तू तर गप्पा मारत पळतोयस! दुसरं कारण थंडी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, कातडीकडे रक्त कमी येतं, पहिली पंधरा मिनिटं आकडा भरवशाचा नसतो. तिसरं, मनगटावर गोंदण असेल तर त्या गडद शाईतून प्रकाश नीट जात नाही. वहिनीही पळायला लागल्या तर त्यांच्या बाबतीत हे लक्षात ठेव, आणि त्यांचं मनगट बारीक असेल तर २५५ एस हे ४१ मिलीमीटरचं मॉडेल बघ. तुझं ४६ चं त्यांना थाळीएवढं होईल.

उपाय साधा. मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर घाल, पळण्यापुरता पट्टा एक भोक घट्ट कर. आणि मल्टीबँडचा मोह टाळून वाचलेल्या पैशांत ठोके मोजणारा छातीचा पट्टा घे. ब्लूटूथ आणि अँट प्लस (घड्याळाला जोडायची दुसरी बिनतारी पद्धत) दोन्ही असलेला घे. इलेक्ट्रोडची जागा आधी पाण्याने ओली करायची, मग बांधायचा. आपल्या कोरड्या हवेत कोरडा पट्टा आणि वर फडफडणारा पॉलिस्टरचा टी-शर्ट असला की पहिल्या किलोमीटरात २१० वगैरे ठोके दिसतात. तो हृदयविकार नव्हे, कपड्याची स्थिर वीज. घाम सुटला की आपोआप ताळ्यावर येतं. पळून झाल्यावर मधली डबी पट्ट्यापासून काढून ठेव, नाहीतर ओल्या पट्ट्यावर ती जागीच राहते आणि तिच्यातला नाण्याएवढा सेल लवकर संपतो.

कमाल ठोके ‘२२० वजा वय’ असे भरू नकोस. एकेका माणसात हे सूत्र दहा-बारा ठोक्यांनी चुकतं, आणि मग घड्याळाचे सगळे झोन, म्हणजे ठोक्यांचे टप्पे, चुकतात. डॉक्टरांना एकदा छाती दाखवून घे. त्यांनी होकार दिला तर वीस मिनिटं हलकं पळून, हलक्या चढावर तीन-तीन मिनिटांचे तीन दमदार तुकडे पळ. छातीच्या पट्ट्यावर दिसलेला सर्वांत मोठा आकडा घड्याळात भर. उन्हाळ्यात मात्र पेसकडे बघून पळू नकोस, ठोक्यांकडे बघ. त्याच पेसला मे महिन्यात ठोके चढतच जातात. तेव्हा घड्याळ तुझा व्हीओटू मॅक्स, म्हणजे दमसासाचा अंदाज, घसरवून दाखवेल, त्याकडे दुर्लक्ष कर. झोपेचे गुण आणि शर्यतीच्या वेळेचं भाकीतही त्याच माळेतलं.

निघण्याआधीचं. उपग्रह कुठे आहेत याची आगाऊ माहिती घड्याळ फोनवरून घेतं आणि ती काही दिवसांत शिळी होते, म्हणून आदल्या रात्री एकदा सिंक कर. ती नसेल तर घड्याळाला प्रत्येक उपग्रहाकडून ऐकून घ्यावं लागतं. जीपीएस ही माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतं आणि एक फेरी ३० सेकंदांची असते. मध्ये झाड आडवं आलं की पुढच्या फेरीची वाट. म्हणून जिन्यात किंवा पोर्चमध्ये नाही, रस्त्यावर येऊन उभा राहा. जीपीएस मिळाल्याची हिरवी खूण स्क्रीनवर दिसली तरी आणखी अर्धा-एक मिनिट थांब, तेवढ्यात त्याला जास्तीचे उपग्रह सापडतात. हे न करणाऱ्यांचंच पहिलं किलोमीटर वेडंवाकडं येतं. नोंद दर सेकंदाची ठेव. बॅटरी वाचवणारा मोड तुरळक ठिपके घेतो आणि तलावाच्या वळणावर सरळ रेघा ओढून अंतर कापतो.

शर्यतीचं गणित वेगळं. प्रमाणित मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो, वर किलोमीटरला एक मीटर जास्त धरून. तू गर्दीतून डावं-उजवं करत जाणार, त्यामुळे घड्याळ अर्धमॅरेथॉनच्या २१.१ किलोमीटरऐवजी २१.३ दाखवेल. तुला सव्वादोन तास हवेत म्हणजे कागदावर पेस ६:२४. पण घड्याळावर ६:२४ धरून पळालास तर मिनिटाहून जास्त उशीर होईल. घड्याळावर ६:२० धर. त्या दिवशी ऑटो लॅप (दर किलोमीटरला घड्याळ आपोआप करतं ती नोंद) बंद ठेव आणि किलोमीटरचा फलक दिसला की हाताने लॅप दाब.

आता भुसावळ. सकाळी जा. घड्याळ पूर्ण चार्ज करून ठेवायला सांग, नुसतं जीपीएस निवड, संगीत आणि मल्टीबँड बंद, आणि एक तास उघड्यावर चाल. नव्या २५५ ला तासाला तीन-साडेतीन टक्के लागतात. पाच गेले तर किंमत पाड, सात गेले तर बॅटरी निम्मी संपलीय, सोडून दे. ती बदलण्याचा खर्च आणि उपद्व्याप तुला परवडणार नाही. पाचही बटणं दाबून बघ. घामाच्या मिठाने एखादं अडकत असेल तर कोमट पाण्याखाली धुतल्यावर मोकळं व्हायला हवं. मागचे चार्जिंगचे ठिपके हिरवट-काळे पडलेले नकोत, केबल त्याची स्वतःची हवी, कारण ती साधी टाइप-सी नाही. उंची तपास: तीन मजले चढून गेल्यावर नऊ-दहा मीटर वाढ दिसली की वायुदाबमापक ठीक. तू मुख्यतः सपाटीवर पळणार, तरी त्याचं छिद्र बुजलेलं असेल तर घड्याळाची निगा कशी राखलीय ते कळतं.

शेवटी त्याला त्याच्या फोनमधल्या अॅपमधून घड्याळ काढायला लाव, तुझ्यासमोर फॅक्टरी रीसेट कर, आणि तुझ्या फोनला जोडून झाल्यावरच पैसे दे. बिल माग, दोन वर्षांपूर्वीचं असलं तरी.

घरी आणल्यावर एकच पाळ. पळून आलास की साध्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, ठिपके कोरडे झाल्यावरच चार्जिंगला लावायचं. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या खोलीत चार्जिंग नको. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणं म्हणजे तिचं आयुष्य हाताने कापणं, आणि भुसावळात सावलीतच तेवढं होतं.

एका तासात किती टक्के गेले ते फोनवर कळव, मग किमतीचं बोलू. काकांना नमस्कार.

तुझा,
विलास