गावच्या सुताराची हत्यारे जपायला हवीत

महोदय,

माझे आजोबा घणसोली गावात सुतारकाम करीत आणि पावसाळ्यात खाडीलगतच्या आपल्या तुकड्यात भातही पिकवीत. इंग्लंडच्या खेड्यांतील जुन्या सुतारांविषयी अलीकडे वाचताना सतत त्यांचीच आठवण येत राहिली, कारण तिथेही पुष्कळ सुतार घरामागची थोडी जमीन कसून, गाय-डुकरे पाळून आपला धंदा सांभाळीत असत. लहान गावात गाडीची चाकेही सुतारच करी. चाकाचा मधला तुंबा एल्मच्या लाकडाचा, कारण त्याचे रेषे एकमेकांत गुंतलेले असल्याने भोके पाडली तरी तो चिरत नाही, आरे ओकचे, आणि घेर धक्के सोसणाऱ्या ॲशचा. ओक सुकायला इंचभर जाडीमागे एक वर्ष धरीत, म्हणजे आज चिरलेली तीन इंची फळी तीन वर्षांनी हातात घ्यायची. गावात कोणी वारले तर शवपेटीही त्याच्याच हातची असे.

आजोबा नांगर, जू, दारे-खिडक्या सगळेच करीत. पण त्यांचे खरे कसब उघाडीच्या दारात होते. भरतीच्या दाबाने बांधातले हे दार आपोआप मिटले पाहिजे आणि ओहोटीला शेतातल्या पावसाच्या पाण्याने ते उघडले पाहिजे. सांध्यात नखाएवढी फट राहिली तरी खारे पाणी आत शिरून पीक जाई. त्या बांधाआड त्यांचे स्वतःचेही भात उभे असे, म्हणून दार बसवल्यावर पहिली भरती येऊन ओसरेपर्यंत ते बांधावरून हलत नसत.

इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांना एक ते पन्नास एकरांपर्यंतच्या लहान शेतजमिनी मिळवून त्या कसणाऱ्यांना देण्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडे १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या आणि शेतीबरोबरच नांगर नि उघाडी करणाऱ्याचे कामही संपले. शहर उभे राहिले याचे मला दुःख नाही. त्या कामाची साधी नोंदही कोणी ठेवली नाही याचे आहे. इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठाने १९५१ मध्येच ग्रामीण जीवनाचे संग्रहालय सुरू करून शेतकऱ्या-कारागिरांची हत्यारे जतन केली. आमच्या घरची बहुतेक हत्यारे मात्र, जुने घर पाडून इमारत बांधताना, आम्हीच भंगारात घातली.

नवी मुंबई आणि ठाणे महापालिकांनी एखाद्या गावठाणातच दोन खोल्यांचे संग्रहालय उभारावे आणि ज्यांनी ही कामे हाताने केली, अशा हयात वृद्धांकडून हत्यारांची नावे व वापर ध्वनिमुद्रित करून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे काम येत्या दोन-चार वर्षांतच व्हायला हवे, कारण आमच्या आळीत रंधा, पटाशी, वाकस आणि किकरे यांतला फरक दाखवून सांगू शकणारे आता एकच गृहस्थ उरले आहेत. आजोबांचा लाकूड तासायचा एक वाकस आणि काटकोन तपासायचा एक गुण्या अजून माझ्याजवळ आहे. संग्रहालय झाल्यास दोन्ही वस्तू मी स्वतः आणून देईन.

– एक वाचक, घणसोली, नवी मुंबई