चटईची वीण

सोलापूर, १२ मे

चि. वैशूस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडायला लागलीस आणि माझं सांगायचं राहिलंच. म्हणून लिहितोय.

डाव्या खांद्यावरची गाठ तुला ठाऊक आहे. सुताची गाठोडी वाहून घट्टा पडलाय, असं मी सात वर्षं सगळ्यांना सांगत आलो. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी 'चरबीची' म्हणून काढली आणि टाकून दिली. तपासायला पाठवली नाही. मीही विचारलं नाही. पैसे वाचले, एवढंच डोक्यात. दिवाळीनंतर त्याच व्रणाच्या कडेला पुन्हा वर आली, तांबूस-निळसर, टणक.

या वेळी तुकडा तपासला. पहिल्या रिपोर्टात 'स्पिंडल सेल' एवढंच. मला गिरणीतली चातीच आठवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर, पेशी तशाच लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. पण तसल्या पेशींच्या गाठी बऱ्याच प्रकारच्या असतात, म्हणून तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक दुसऱ्या लॅबला न्यायचा. बाहेर ४३ अंश. मेण वितळेल म्हणून तुझ्या आईनं तो ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घातला! लॅबवाला हसला. ते मेण ५५ अंशांच्या आसपास वितळतं म्हणे.

तिथं 'सीडी ३४' नावाच्या, पेशींवरच्या एका खुणेची तपासणी केली, पेशी तपकिरी दिसल्या आणि नाव ठरलं: डर्मॅटोफायब्रोसारकोमा प्रोट्युबरन्स. बाईंनी स्क्रीनवर दाखवलं. हुबेहूब चटईची वीण. या विणीला 'स्टोरिफॉर्म' म्हणतात, त्या लॅटिन शब्दातही चटईच आहे म्हणे. चाळीस वर्षं माग चालवला, पण असलं गिचमिड कापड व्यापाऱ्यानं तोंडावर फेकलं असतं. गाठीचे धागे खालच्या चरबीत शिरलेत, म्हणून चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर चांगली कातडीही काढणार. अंगभर पसरणं विरळा, तिथंच परत उगवायची खोड मात्र वाईट.

हे आम्हा पोरांना होईल का, असं तू विचारलंस, तर ऐक: १७ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अडकलेत, पण फक्त गाठीतल्या पेशींत. तुम्हा पोरांकडे यायचं नाही. गाठोड्यांचाही दोष नाही, मी उगाच सुताला बोल लावला.

ऑपरेशन २० तारखेला. आदल्या रात्रीपर्यंत पोच. आणि आईसमोर कॅन्सर म्हणू नकोस, सारकोमाच म्हण. तिला ते मलमाचं नाव वाटतंय.

तुझे अप्पा